अणू, आयन आणि चोपण जमीन

कालव्याचे पाणी शिवारात आले की पहिली काही वर्षे भरघोस उत्पन्नाची जातात. पुढे एखाद्या सखल वावरात पाणी साचू लागते, उन्हाळ्यात मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसतो, उसाची उगवण तुटक होते आणि अखेरीस ते वावर पडीक पडते. नीरा कालव्याच्या खोऱ्यात ही स्थिती विसाव्या शतकाच्या आरंभीच दिसून आली होती. १९१० साली हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारजमिनींचा अभ्यास मुंबई प्रांताच्या शेतकी खात्यामार्फत प्रसिद्ध केला. त्यानंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या बागायती पट्ट्यांत हाच प्रश्न कमीअधिक प्रमाणात उभा राहिला. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात तर जमीन व भूजल यांतील क्षारांचा प्रश्न निसर्गतःच आहे.

या जमिनींना नेमके काय झालेले असते? पुष्कळदा ‘खतामुळे जमीन मेली’ किंवा ‘जमिनीचा कस गेला’ असे उत्तर दिले जाते व त्यावर हाती येईल ते औषध टाकले जाते. खरे उत्तर समजावयाचे तर दृष्टी अणूपर्यंत न्यावी लागते. अणू इलेक्ट्रॉन गमावतो किंवा मिळवितो तेव्हा त्याचा आयन होतो. जमिनीचे आरोग्य मातीच्या कणांना कोणते आयन चिकटलेले आहेत यावर पुष्कळसे अवलंबून असते. शाळेतील रसायनशास्त्राचा हा पहिला पाठ आणि ग्रामपंचायतीपुढील निचऱ्याचा प्रश्न हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत.

अणूची घडण

अणूच्या मध्यभागी अणुकेंद्र असते. त्यात धन विद्युत्प्रभार असलेले प्रोटॉन व प्रभाररहित न्यूट्रॉन असतात. केंद्राभोवती ऋण प्रभार असलेले इलेक्ट्रॉन असतात. इलेक्ट्रॉनचा शोध जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये लावला. प्रोटॉनचे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे १,८३६ पट असले, तरी दोघांचा विद्युत्प्रभार परिमाणाने अगदी सारखा व चिन्हाने विरुद्ध असतो. अणूत जितके प्रोटॉन तितकेच इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे जमा आणि नावे यांची बेरीज शून्य होते व अणू विद्युत्दृष्ट्या उदासीन असतो.

इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या कवचांत विभागलेले असतात. सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असून त्यांची मांडणी २, ८, १ अशी आहे. क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ७ अशी, तर कॅल्शियमच्या २० इलेक्ट्रॉनांची २, ८, ८, २ अशी आहे. रासायनिक व्यवहारात भाग घेतात ते बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉन. आतली कवचे व अणुकेंद्र या व्यवहारापासून अलिप्त राहतात.

इलेक्ट्रॉनांची देवघेव

सोडियमने आपला सर्वांत बाहेरचा एक इलेक्ट्रॉन गमावला की त्याच्याजवळ ११ प्रोटॉन व १० इलेक्ट्रॉन उरतात. एक धन प्रभार शिल्लक राहतो व त्याचा धन आयन होतो. क्लोरीनने एक इलेक्ट्रॉन घेतला की १७ प्रोटॉन व १८ इलेक्ट्रॉन होतात आणि त्याचा ऋण आयन, म्हणजे क्लोराइड, तयार होतो. कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन गमावतो, म्हणून त्याच्या आयनावर दोन धन प्रभार असतात. तुरटीतील ॲल्युमिनियमच्या आयनावर असे तीन धन प्रभार असतात.

‘गमावल्यावर धन कसे?’ हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. इलेक्ट्रॉन ही स्वतःच ऋण रक्कम आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे हा गोंधळ नाहीसा होतो. कर्ज फिटले की खात्यावर जमा बाजू दिसू लागते आणि नवे कर्ज घेतले की नावे बाजू वाढते. आयनांचे चिन्ह याच हिशेबाने ठरते.

एका इलेक्ट्रॉनचा फरक वस्तूचा गुणधर्म पार पालटून टाकतो. हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये वेगळा केलेला सोडियम हा मऊ धातू पाण्यात टाकताच पेट घेऊ शकतो. क्लोरीन हा विषारी वायू असून पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, ईप्रच्या रणांगणावर तो शस्त्र म्हणून सोडण्यात आला होता. या दोहोंचे आयन एकत्र आले की रोजच्या जेवणातील मीठ होते. म्हणून ‘पाण्यात सोडियम आहे’ असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा तेथे धातू नसतो, सोडियमचा आयन असतो.

ऊर्जेचा ताळेबंद

‘अणूला आठ इलेक्ट्रॉन पूर्ण करावयाचे असतात, म्हणून सोडियम आपला इलेक्ट्रॉन आनंदाने देतो’ असे वर्गात सांगितले जाते. लक्षात ठेवण्यास हे सोपे असले तरी शब्दशः खरे नाही. अणुकेंद्राच्या आकर्षणातून इलेक्ट्रॉन सोडविण्यास ऊर्जा खर्च करावीच लागते. २३ ग्रॅम सोडियमच्या वायुरूप अणूंमधून प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन काढण्यास सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढेच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूंनी स्वीकारले तर सुमारे ३४९ किलोज्यूलच परत मिळतात. नुसत्या या व्यवहारात तोटाच आहे. परंतु धन व ऋण आयन एकमेकांना खेचून स्फटिकात रचले जातात तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तोटा भरून काढणारी मुख्य जमा ती हीच.

सोडियम दुसरा इलेक्ट्रॉन का देत नाही, याचेही उत्तर याच ताळेबंदात मिळते. दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या भरलेल्या कवचातून काढावा लागतो व त्यास सुमारे ४,५६२ किलोज्यूल, म्हणजे पहिल्याच्या नऊपट ऊर्जा लागते. एवढा खर्च कोणताही स्फटिक भरून देऊ शकत नाही. म्हणून सोडियमच्या आयनावर एकच धन प्रभार असतो आणि कॅल्शियमच्या आयनावर दोन. जमिनीच्या प्रश्नात हा एक आणि दोनचा फरक निर्णायक ठरतो.

पाण्यातील आयन

‘आयन’ हा शब्द मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये रूढ केला. ‘जाणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतलेला आहे, कारण विद्युत्प्रवाह सोडला असता हे कण द्रावणातून विरुद्ध अग्रांकडे जातात. विजेच्या प्रवाहामुळेच आयन निर्माण होतात अशी त्या काळी समजूत होती. स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधात व पुढे १८८७ मध्ये अधिक स्पष्टपणे असे मांडले की, क्षार पाण्यात विरघळताच त्याचे आयन सुटे होतात. वीज त्यांना केवळ हालविते. आरंभी या विचाराला विरोध झाला, परंतु १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

माती-परीक्षण प्रयोगशाळेतील ‘विद्युत्वाहकता’ ही मोजणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. मातीच्या अर्कात आयन जितके अधिक तितकी वीज अधिक सुलभपणे वाहते. परंतु ही मोजणी आयनांचे एकूण प्रमाण दाखविते, ते आयन कोणते हे सांगत नाही. या मर्यादेचा विसर पडल्यामुळे पुष्कळदा उपाय चुकतो.

मातीच्या कणांना चिकटलेले आयन

काळ्या भारी जमिनीतील चिकणमातीत मॉण्टमोरिलोनाइट जातीची खनिजे मुबलक असतात. या खनिजांची घडण होत असतानाच स्फटिकातील काही ॲल्युमिनियम आयनांच्या जागी मॅग्नेशियमचे आयन बसतात. तीन धन प्रभारांच्या जागी दोन आल्यामुळे धन बाजू उणी पडते व कणावर कायमचा ऋण प्रभार राहतो. हा ऋण प्रभार पाण्यातील धन आयनांना, म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम व सोडियम यांच्या आयनांना, आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो.

धरून ठेवलेले हे आयन कायमचे जखडलेले नसतात. इंग्लंडमध्ये १८५० मध्ये एच. एस. थॉम्पसन व जे. टी. वे यांनी मातीतून अमोनियाच्या क्षाराचे द्रावण झिरपविले, तेव्हा अमोनियाचा अंश मातीने ठेवून घेतला व त्याच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर आले. या क्रियेस आयन-विनिमय म्हणतात. येथे प्रभाराचा हिशेब तंतोतंत पाळला जातो. एक कॅल्शियम आयन आत आला तर दोन सोडियम आयन बाहेर पडतात.

निरोगी काळ्या जमिनीत या जागा प्रामुख्याने कॅल्शियमने व्यापलेल्या असतात. दोन प्रभारांचा कॅल्शियम आयन कणालगत घट्ट बसतो, त्यामुळे कण एकमेकांजवळ येऊन त्यांचे रवे बनतात. रव्यांमधील पोकळीतून हवा खेळते व पाणी मुरते. त्याच जागी सोडियम आला की चित्र उलटते. एका प्रभाराचा व पाण्याचे वेष्टन बाळगणारा सोडियम आयन कणाजवळ घट्ट बसत नाही. कणांच्या ऋण प्रभारांतील परस्पर अपसारण वरचढ ठरते, रवे फुटतात, सुटे कण पोकळ्या बुजवितात. ओली असता चिकट, वाळली असता दगडासारखी, पाणी न मुरणारी अशी ही जमीन म्हणजेच चोपण जमीन.

खारवट आणि चोपण

दोन्ही शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु रोग निरनिराळे आहेत. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार अधिक असतात. अर्काची विद्युत्वाहकता दर मीटरला ४ डेसिसायमनपेक्षा जास्त, सामू साधारणतः ८.५ पेक्षा कमी आणि विनिमयक्षम सोडियमचे प्रमाण शेकडा १५ पेक्षा कमी असते. चोपण जमिनीत वाहकता ४ पेक्षा कमी, सामू ८.५ पेक्षा अधिक आणि विनिमयक्षम सोडियम शेकडा १५ पेक्षा जास्त असतो. वाहकता व सोडियम दोन्ही अधिक असतील तर ती खारवट-चोपण जमीन होय.

खारवट जमीन चांगल्या पाण्याने धुऊन निघते, मात्र पाण्याला बाहेर जाण्यास वाट हवी. खारवट-चोपण जमीन तशीच धुतली तर हानी होते. विद्राव्य क्षार निघून जातात, सोडियम कणांवर तसाच राहतो आणि क्षारांच्या दाटीमुळे कसेबसे टिकून असलेले रवेही फुटतात. म्हणून परीक्षणापूर्वी उपाय करू नये. २०१५ मध्ये सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेत सामू, विद्युत्वाहकता, सेंद्रिय कर्ब व अन्नद्रव्ये अशा बारा बाबी नोंदविल्या जातात. विनिमयक्षम सोडियम त्यांत नाही. सामू ८.५ च्या वर दिसल्यास सोडियमची व पाण्याचीही वेगळी तपासणी करवून घेणे आवश्यक ठरते.

पाण्याची तपासणी अशासाठी की, काही विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेटचे ऋण आयन बरेच असतात. ते कॅल्शियमशी संयोग पावून त्याची चुनखडी बनवितात. कॅल्शियम असा द्रावणातून निघून गेला की सोडियमला रान मोकळे मिळते.

जिप्समचा हिशेब

येथे आयनांविषयीची मूलभूत गोष्ट स्मरणात ठेवावी लागते. इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीत अणुकेंद्र बदलत नाही, त्यामुळे सोडियम हा सोडियमच राहतो. कोणतेही खत, द्रावण वा जिवाणू त्याला नष्ट करू शकत नाही. त्याची जागा दुसऱ्या आयनाने घेतली पाहिजे आणि हटविलेला सोडियम पाण्याबरोबर शेताबाहेर गेला पाहिजे. ‘क्षार मारणारे’ म्हणून विकले जाणारे कोणतेही द्रव्य याच दोन कसोट्यांवर पारखावे.

जिप्सम म्हणजे पाण्याचा अंश असलेले कॅल्शियम सल्फेट. ते कॅल्शियमचे आयन पुरविते आणि सुटलेला सोडियम सल्फेटसह विरघळून वाहू शकतो. मात्रा अंदाजाने ठरवावी लागत नाही, ती हिशेबाने निघते. दोन सोडियम आयनांना एक कॅल्शियम आयन, म्हणजे ४६ किलो सोडियम हटविण्यास ४० किलो कॅल्शियम, आणि तेवढा कॅल्शियम १७२ किलो शुद्ध जिप्सममध्ये असतो.

एका हेक्टरातील वरच्या १५ सेंटीमीटर थराची माती सुमारे २० लाख किलो भरते. समजा, परीक्षणानुसार दर किलो मातीमागे १.५ ग्रॅम सोडियम हटवावयाचा आहे. हेक्टरी ३,००० किलो सोडियम झाला. त्यास सुमारे ११.२ टन शुद्ध जिप्सम लागेल. जिप्समची शुद्धता शेकडा ८० असेल तर १४ टन लागेल. हे आकडे पाहिले म्हणजे एकरी दोन-चार पोती टाकून जमीन का सुधारत नाही याचा उलगडा होतो. अर्थात प्रत्येक शेताची मात्रा त्याच्या परीक्षणावरूनच ठरवावी. जिप्सम एका लिटर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅमच विरघळते. तेव्हा ते बारीक करून वरच्या थरात नीट मिसळणे, बांध घालून पाणी मुरविणे आणि काम टप्प्याटप्प्याने करणे इष्ट.

महाराष्ट्रातील पुष्कळ चोपण जमिनींत चुनखडी असते. तिच्यात कॅल्शियम असूनही जमीन चोपण का राहते? कारण त्या चुनखडीतील कॅल्शियम घनरूपात अडकलेला असतो, द्रावणात सुटा नसतो. अशा जमिनीत गंधक टाकल्यास जिवाणूंच्या क्रियेने त्याचे गंधकाम्ल बनते व ते चुनखडीतून कॅल्शियमचे आयन मोकळे करते. ३२ किलो गंधक १७२ किलो जिप्समचे काम करते, मात्र त्यास ओलावा व काही महिन्यांचा अवधी लागतो. धैंचा किंवा तागाचे हिरवळीचे खत व साखर कारखान्याची मळी यांच्या कुजण्यातून निघणारी आम्लेही चुनखडी विरघळण्यास साहाय्य करतात.

निचरा : सर्वांचे काम

जिप्समने अर्धेच काम होते. हटविलेला सोडियम मुळांच्या थराखाली व पुढे शेताबाहेर गेला नाही तर उन्हाळ्यात पाण्याबरोबर तो पुन्हा वर चढतो. भूजलाची पातळी मुळांच्या जवळ आलेल्या शिवारात उघडे चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र नळ्यांची निचरा पद्धत याशिवाय गत्यंतर नाही.

हे काम एकट्या खातेदाराच्या हातचे नसते. एकाच्या शेतातील पाणी दुसऱ्याच्या बांधावरून तिसऱ्याच्या वावरापर्यंत जाते व मग ओढ्याला मिळते. मधल्या एकाने चर बुजविला तर वरच्या दहा जणांचा खर्च वाया जातो. येथे ग्रामपंचायतीचे स्थान महत्त्वाचे आहे. गावच्या नकाशावर नैसर्गिक ओढे-नाले निश्चित करणे, त्यांवरील अडथळे दूर करणे, चरांची देखभाल सामुदायिक रीतीने चालू ठेवणे आणि चराचे क्षारयुक्त पाणी खालच्या गावाच्या पिण्याच्या विहिरीला बाधक होणार नाही याची दक्षता घेणे, ही कामे पंचायतीच्या पुढाकारानेच होऊ शकतात. पाटपाण्याचा बेसुमार वापर टाळणे व ठिबक पद्धतीचा अवलंब करणे हा प्रतिबंधक उपाय होय. मात्र ठिबकनेही क्षार मुळांभोवती साचू शकतात, म्हणून निचऱ्याची गरज संपत नाही.

शाळेत करता येण्याजोगे प्रयोग

शिक्षकांना हा विषय फळ्यावरून शेतापर्यंत नेता येईल. तीन पारदर्शक बाटल्यांत पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. विहिरीचे जड पाणी घेऊ नये, कारण त्यात कॅल्शियमचे आयन आधीच असतात. प्रत्येकीत सारखीच चिमूटभर काळी चिकणमाती ढवळावी. पहिली तशीच ठेवावी, दुसरीत थोडा धुण्याचा सोडा आणि तिसरीत थोडी जिप्समची पूड टाकावी. काही तासांनी पाहता सोड्याची बाटली गढूळच राहते व जिप्समच्या बाटलीत गाळ खाली बसून पाणी निवळते. पहिली बाटली तुलनेसाठी. सोडियमने चोपण जमीन कशी होते व कॅल्शियमने ती कशी सुधारते, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याचा घरोघरचा परिपाठ याच तत्त्वावर उभा आहे. तीन प्रभारांचा आयन मातीचे कण अधिकच परिणामकारकपणे एकत्र आणतो.

दुसऱ्या प्रयोगात नऊ व्होल्टची बॅटरी, छोटा एलईडी दिवा, सुमारे ४७० ओहमचा रोधक व पेन्सिलीच्या दोन शिसकांड्या जोडून त्यांची टोके पाण्यात बुडवावीत. पावसाच्या पाण्यात व साखरेच्या द्रावणात दिवा लागत नाही. मिठाच्या द्रावणात तो लागतो. साखर विरघळते परंतु तिचे आयन होत नाहीत, हे यावरून सिद्ध होते. प्रयोग हवेशीर जागी थोडाच वेळ करावा, कारण मिठाच्या द्रावणातून अल्पसा क्लोरीन निघतो. घरातील विजेची जोडणी या कामी कदापि वापरू नये.

अशा शाळेतील मुलांनी गावातील पडीक वावरांची माती आणून ती सोड्याच्या बाटलीसारखी वागते की जिप्समच्या, हे पाहिले तर पंचायतीला कोणत्या शेतांचे परीक्षण प्रथम करून घ्यावे याची दिशा मिळेल. ती बाटली प्रयोगशाळेच्या अहवालाची जागा घेऊ शकणार नाही. परंतु नापीक झालेली जमीन दैवाने गेलेली नसून एका आयनाच्या जागी दुसरा आयन आल्याने गेली आहे, आणि तो बदल हिशेबाने व सहकार्याने उलटविता येतो, एवढा विश्वास गावाला त्यातून निश्चित मिळेल.